कोथरूडमधल्या एका सोसायटीचं स्मार्ट होम : अठरा घरं आणि दोन निर्णय

पार्श्वभूमी

आमची सोसायटी कोथरूडमध्ये आहे, कर्वे पुतळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. जुनी इमारत तीन मजली होती, बारा सदनिकांची. २०१८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला, मधली दोन वर्षं कोविडमध्ये गेली आणि २०२१ च्या दिवाळीनंतर नव्या अठरा सदनिकांचा ताबा मिळाला. करार झाला तेव्हा मी समितीची सदस्य होते, २०२३ पासून सचिव आहे. ही हकीकत लिहायला संबंधित घरांची संमती आहे. ओळख पटू नये म्हणून मजले आणि काही तपशील बदलले आहेत.

करार ठरताना सभासदांनी सुविधांची यादी केली होती. त्यात तीन गोष्टींवर सगळ्यांचा भर होता: जमिनीखालची पाण्याची टाकी मोठी हवी, लाइट गेले तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडायला हवी, आणि प्रत्येक घराला कपडे वाळत घालायला वेगळी बाल्कनी हवी. पुण्यात राहणाऱ्याला पहिल्या मागणीचं कारण सांगायला नको. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि टाकी लहान असेल तर दीड दिवस घर बादल्यांवर चालतं.

शेवटच्या टप्प्यात बिल्डरने सांगितलं की मोठ्या टाकीसाठी खोदकाम वाढेल, खर्च बसणार नाही. तेवढ्याच रकमेत ‘स्मार्ट होम पॅकेज’ देतो. बाणेरला त्यांचा नमुना फ्लॅट होता, तिथे एका रविवारी आम्ही चौदा जण गेलो. प्रत्येक खोलीत काचेचं टच पॅनेल, बोटाच्या ठशावर उघडणारं दाराचं कुलूप, मोटरवर सरकणारे पडदे, बाथरूममध्ये तापमान आणि बातम्या दाखवणारा आरसा, फोनवरून चालू होणारा गिझर, बोलून चालवायचा स्पीकर, खाली गेटवर व्हिडिओ डोअरफोन. तिथल्या मुलाने स्पीकरला सांगितलं आणि पडदा हळूहळू बाजूला झाला. आमच्यातल्या एका आजोबांनी टाळी वाजवली होती, मला अजून आठवतं. पुढच्या सभेत हात वर करून मतदान झालं. नऊ विरुद्ध तीन. नऊमध्ये मीही होते.

हा पहिला निर्णय. त्या दिवशी आम्ही काहीतरी नवं पाहिलं होतं आणि आपल्या घरात ते यावं असं मनापासून वाटलं, यात मला आजही चूक दिसत नाही. चूक होती ती ज्याच्या बदल्यात घेतलं त्यात. त्याबद्दल पुढे लिहिते.

अडचणी कशा समोर आल्या

पहिले काही महिने पाहुण्यांना घर दाखवण्यात गेले. मग तक्रारी येऊ लागल्या. त्या छोट्या होत्या आणि वेगवेगळ्या घरांतून येत होत्या, त्यामुळे बराच काळ कुणाला त्यांचा एकत्र विचार करावासा वाटला नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेले आणि पहाटे तीनच्या सुमाराला आले. आले ते सगळ्या घरांतले सगळे दिवे आणि पंखे सुरू करूनच. कारण साधं होतं. वीज परत आली की पॅनेलमधला रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा आतला स्विच, कोणत्या स्थितीत जावा याची एक सेटिंग असते: चालू, बंद किंवा आधी होती तशी. कारखान्यातून ती ‘चालू’ ठेवून आली होती आणि ॲपच्या चौथ्या पानावर होती. बटणाच्या साध्या बोर्डाला ही सेटिंग लागतच नाही, बटण जिथे असतं तिथेच राहतं. अठरा घरांतल्या प्रत्येक पॅनेलची सेटिंग बदलायला दोन शनिवार-रविवार लागले.

इंटरनेट कंपनी बदलली की घरातली सगळी उपकरणं नव्याने जोडावी लागत. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर हा त्रास टळतो, हे आम्हाला चौथ्या घराच्या वेळी कळलं.

सर्वांत जास्त त्रास कुलपाचा झाला. आमच्याकडे तीन घरांत भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं बोट मशीनला ओळखूच येत नव्हतं. वीस वर्षं भांड्यांच्या पावडरीत हात गेल्यावर बोटांवरच्या रेषा झिजतात. शिवाय एका घरातून दुसऱ्या घरात येताना हात ओले असतात. दुसऱ्या मजल्यावर एक आजी दिवसभर एकट्या असतात, वॉकर घेऊन चालतात. जुन्या घरी मावशींकडे किल्ली होती, त्या स्वतः दार उघडून आत येत. नव्या घरी मावशी तीन-चार वेळा बोट लावून बघत आणि मग बेल वाजवत. आजी उठून, वॉकर धरून दारापर्यंत येत. ज्या वस्तूने दार सोपं व्हायचं, तिने आजींना रोज दोन जास्तीच्या खेपा घालायला लावल्या. कुलपाला किल्ली होती, झाकणामागे दडलेली, पण ती मुलाच्या कपाटात ठेवलेली होती. हे बराच काळ असंच चाललं आणि आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. आजींनी तक्रार केली नाही, आणि मावशींना कुणी विचारलं नाही.

मग जून २०२४ मध्ये पॅकेज पुरवणाऱ्या कंपनीचा ईमेल आला. १ ऑगस्टपासून ॲप वापरायला दर घरामागे वर्षाला सहा हजार रुपये अधिक जीएसटी भरावा लागेल, न भरल्यास खातं बंद होईल. दिवे हाताने लागले असते. पण पडद्यांना हाताने चालवायची सोयच नव्हती आणि कुलपात नवं बोट किंवा नवा आकडा घालायचा तर तो ॲपमधूनच घालावा लागे. घरात कामाला नवं माणूस आलं तरी आम्ही त्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनिअरने समितीला समजावून सांगितलं की हे आपल्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं जोडणारा हब २९९ डॉलरला मिळत असे. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले, त्याबरोबर लोकांच्या घरातले हबही निकामी झाले. तिथल्याच इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना काही न सांगता बंद पडले. त्याने जुसेरोचंही उदाहरण दिलं. वायफायला जोडलेलं ते रस काढायचं यंत्र २०१६ मध्ये ६९९ डॉलरला विकायला आलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी त्याची पाकिटं नुसत्या हाताने पिळून दाखवली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी बंद झाली. हे ऐकून एक काका म्हणाले, “म्हणजे आपला आरसा.” सभेतल्या कितीतरी जणांनी मान हलवली.

घरोघरी नोंद

पैसे भरायचे की नाही हे ठरवण्याआधी काय वापरात आहे ते बघू, असं समितीत ठरलं. मी एक कागद तयार केला. त्यावर चार रकाने होते: वस्तू, शेवटची कधी वापरली, कुणी वापरली, नसती तर काय अडलं असतं. पंधरा दिवसांत मी अठराही घरं फिरले.

आरसा सोळा घरांत बंद होता किंवा तो काही दाखवतो हेच माहीत नव्हतं. पडदे दोन घरांत चालत होते, बाकीच्यांनी ते अर्धे उघडे ठेवून तसेच सोडले होते. फोनवरून गिझर लावणारी अकरा घरं निघाली, पण त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की त्यांना खरं तर ठरावीक वेळेला आपोआप बंद होणारा गिझर हवा होता. स्पीकर गाणी, भजनं आणि कुकरच्या वेळेपुरता. व्हिडिओ डोअरफोन मात्र अठराच्या अठरा घरांत रोज वापरला जात होता, आणि तो ॲपवर अजिबात अवलंबून नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्ही मोजली, ती इतर सोसायट्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. वायरमनने एका घरात सगळे दिवे-पंखे बंद केले, फ्रिज, राउटर आणि बाकीचे प्लग काढले. तरी वीज मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लागतो ते छापलेलं असतं, आमच्याकडे ३२०० आहे. दिवा दर ४५ सेकंदांनी लागत होता, म्हणजे काहीही चालू नसताना पॅनेल मिळून साधारण २५ वॅट खात होते. वर्षाचे झाले २१९ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा पूर्ण वेगात सुमारे २८ ते ३५ वॅट घेतो. म्हणजे कुणालाही वारा न देता जवळपास एक पंखा वर्षभर फिरत होता, प्रत्येक घरात.

बीएलडीसी पंख्याचं नाव घेतलंच आहे तर एक सांगते. गेल्या दहा वर्षांत घरात आलेल्या ज्या नव्या गोष्टींचं मला खरं मोल वाटतं, त्यात हा पंखा वरचा आहे. जुना पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास घ्यायचा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि हे पंखे घरोघर दिसू लागले. त्यात दाखवण्यासारखं काहीच नाही, म्हणून नमुना फ्लॅटमध्ये ते नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पैसे भरायचा. तो लगेच मागे पडला, कारण पुढच्या वर्षी रक्कम किती होईल याचं उत्तर कंपनीने दिलं नाही.

दुसरा, दुसऱ्या कंपनीचं पॅकेज बसवायचं. दोन ठिकाणांहून दर मागवले. ‘तुमचा सर्व्हर बंद झाला तर काय चालू राहील?’ हा प्रश्न दोघांनाही लेखी विचारला होता, दोघांनीही फोनवर उत्तर दिलं. लेखी कुणीच दिलं नाही.

तिसरा पर्याय त्या इंजिनिअरने सुचवला. होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर घरातल्या छोट्या संगणकावर चालतं आणि त्याला बाहेरच्या सर्व्हरची गरज लागत नाही. त्याने स्वतःच्या घरी ते वर्षभर चालवलं होतं. अडचण एकच होती: अठरा घरांचं ते कोण सांभाळणार? नोकरीसाठी तो उद्या दुसरीकडे गेला तर?

चौथा, सगळं काढून साधे बोर्ड आणि साधी कुलपं बसवायची. समितीचा कल याच्याकडे होता. हिशेब बसत होता, वायरमन मिळत होता, आणि कंटाळलेल्या माणसाला सगळं एकदम काढून टाकण्यात जी सुटका वाटते ती आम्हालाही वाटत होती. ठरावाचा मसुदा मीच लिहिला.

दुसरा निर्णय

विशेष सर्वसाधारण सभा जुलैच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये भरली. मी नोंदीचे आकडे वाचून दाखवले, ठराव मांडला. मतदानाला जाणार तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मला बोलायचंय.” दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. डावी बाजू अजून कमकुवत आहे, बोलणं मात्र स्वच्छ आहे.

“रात्री उठायचं तर मला आधी दिवा लागतो,” त्या म्हणाल्या. “बटण दाराशी आहे. तिथपर्यंत अंधारात जायचं म्हणजे पडायची भीती. आता मी त्या स्पीकरला हिंदीत सांगते आणि दिवा लागतो. मराठी त्याला कळत नाही, पण चालतं. यांना उठवावं लागत नाही. तुम्ही हे काढलंत तर मला परत रोज रात्री हाक मारावी लागेल.”

त्यांच्या शेजारी बसलेला मुलगा आश्चर्याने त्यांच्याकडे बघत होता. मी कागद काढून पाहिला. त्यांच्या घराच्या ओळीत ‘स्पीकर’पुढे मीच लिहिलं होतं: वापर नाही. मी गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, काकू झोपल्या होत्या आणि उत्तरं मुलाने दिली होती. तो दुसऱ्या खोलीत झोपतो. आई रात्री कशी उठते हे त्याला माहीत नव्हतं, आणि तिला उठवून विचारावं असं मला वाटलं नाही. मी पाच मिनिटं थांबले असते किंवा संध्याकाळी परत गेले असते, तर ठराव वेगळा लिहिला असता.

मी ठराव मागे घेतला आणि सभा आठ दिवस पुढे ढकलली. काही सभासद नाराज झाले. एका घरासाठी सतरा घरांनी का थांबायचं, असं एकांनी विचारलं, आणि वायरमन ठरवून ठेवला होता म्हणून तो प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. पण बाहेर पडताना तीन जण मला वेगवेगळे भेटले आणि म्हणाले, आमच्या घरी पण परत या, घरातल्या सगळ्यांशी बोला.

त्या आठवड्यात मी पुन्हा फिरले, या वेळी सकाळी आणि रात्री. मावशींच्या बोटांचं आणि आजींच्या खेपांचं मला तेव्हाच कळलं. स्वयंपाकाच्या बाईंनी सांगितलं की कणकेचे हात असताना टच पॅनेल लागत नाही, लागलं तर काच खराब होते, म्हणून त्या दिवसभर स्वयंपाकघरातला दिवा चालूच ठेवतात. सातवीतल्या एका मुलीने दाखवलं की जिन्यात माणूस आला की लागणारा दिवा ही इमारतीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. तो दिवा पॅकेजमध्ये नव्हताच, वायरमनने स्वतःहून बसवला होता.

काय केलं

दुसऱ्या सभेत ठरलं की वस्तू ठेवायची की काढायची हे ज्या त्या घराने ठरवावं. सोसायटीने फक्त एक अट घातली: जी वस्तू राहील ती इंटरनेट नसताना आणि ॲप नसताना हाताने चालली पाहिजे.

कुलपात नवा आकडा ॲपशिवाय घालता येत नसल्यामुळे ते या अटीत बसत नव्हतं. सगळ्या घरांनी ते बदललं. बहुतेकांनी साधं कुलूप घेतलं, पाच घरांनी आकडा आणि किल्ली दोन्हींवर चालणारं, ज्यात नवा आकडा दाराशीच घालता येतो. मावशींकडे तिन्ही घरांच्या किल्ल्या परत गेल्या. तेरा घरांनी पॅनेल काढून तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेले साधे मॉड्युलर बोर्ड बसवले. त्यासाठी भिंत फोडावी लागली नाही. गिझर हवा असलेल्या घरांनी त्याला साधा टायमर लावला. काढलेले पॅनेल आणि आरशांचे भाग भंगारात न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवले.

काकूंच्या घरी तिसरा पर्याय वापरला. इंजिनिअरने छोटा संगणक बसवला, स्पीकर त्याला जोडला आणि पलंगाशेजारी एक मोठं बिनतारी बटण लावलं. स्पीकरला इंटरनेट लागतं, बटणाला लागत नाही. संगणक, राउटर आणि खोलीतला तो दिवा इन्व्हर्टरवर घेतला. पासवर्ड आणि जोडणीची माहिती एका वहीत मराठीत लिहून ठेवली. वही काकूंच्या मुलाने आणि कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाने दोनदा वाचून, एकदा सगळं बंद करून पुन्हा चालू करून पाहिली. हा भाग सांगण्याचं कारण म्हणजे २०२५ मध्ये तो इंजिनिअर खरंच नोकरीसाठी परदेशी गेला. त्यानंतर एकदा यंत्रणा बंद पडली, तेव्हा शेजारच्या मुलाने वही बघून ती चालू केली.

निष्पन्न

ॲपचे पैसे कुणीही भरले नाहीत. ज्या घरात पॅनेल मोजले होते तिथे बोर्ड बदलल्यावर तीच मोजणी पुन्हा केली. पंधरा मिनिटं वाट पाहिली, मीटरचा दिवा एकदाही लागला नाही. आजी आता मावशींसाठी उठत नाहीत. स्वयंपाकघरातले दिवे दिवसा बंद असतात. दोन घरांनी पडदे ठेवले, त्यांना दोरी लावून घेतली.

टाकीचा प्रश्न तसाच आहे. तिच्यावर आता पार्किंगचे खांब आहेत, ती मोठी करता येत नाही. गच्चीवरच्या टाकीला पातळी दाखवणारा फ्लोट आणि पंप आपोआप बंद करणारा स्विच लावला, त्याने पाणी वाहून जायचं थांबलं. पण शुक्रवारी सकाळी टँकर अजूनही येतो आणि त्याचे पैसे आम्ही दर महिन्याला भरतो.

वेगळं काय करता आलं असतं

मी सगळ्यात जास्त विचार टाकीचा केला आहे. पॅनेल, कुलूप, पडदे कधीही बसवता येतात, कधीही काढता येतात, आणि आम्ही काढलेही. टाकी फक्त पाया खणतानाच मोठी होऊ शकत होती. २०१८ मध्ये कुणी यादी दोन भागांत करायला लावली असती, एकात नंतर करता येणार नाही अशा गोष्टी आणि दुसऱ्यात नंतरही करता येतील अशा, तर मला वाटतं ते मतदान नऊ विरुद्ध तीन झालं नसतं. पुनर्विकासाची बोलणी करणाऱ्या सोसायट्यांना मी आता हीच पहिली गोष्ट सांगते.

करारात तीन वाक्यं हवी होती. प्रत्येक उपकरण हाताने चालेल. सर्व्हर किती वर्षं मोफत चालेल ते लेखी. ताबा देताना सगळे मुख्य पासवर्ड सोसायटीला. परिशिष्टात आमच्याकडे फक्त वस्तूंची नावं आणि नग होते.

आणि नमुना फ्लॅट पाहण्याऐवजी, किंवा तो पाहून झाल्यावर, एका राहत्या घरात तो संच पंधरा दिवस बसवून बघायला हवा होता. तिथे भांडी घासली जातात, कणीक मळली जाते, रात्री कुणीतरी उठतं. बाणेरच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच होत नव्हतं.

माझ्या कागदाचे रकाने आता पाच आहेत. नवा रकाना पहिला आहे: हे कोणी सांगितलं. या वर्षीच्या वार्षिक सभेत एका सभासदाने गेटला चेहरा ओळखणारं यंत्र लावायचं सुचवलं, तेव्हा मी कागद घेऊन आधी वॉचमनकडे गेले. त्याने विचारलं की पावसाळ्यात रेनकोटची टोपी आणि हेल्मेट घातलेल्या माणसाचा चेहरा यंत्राला कसा दिसणार, आणि तोवर गाडी रस्त्यावर उभी राहणार का. त्याचा प्रश्न पहिल्या ओळीत लिहिला आहे. विषय पुढच्या सभेत आहे.